फेकीची घडी

मंगळवार, १ मार्च

विसरलीस ना? ओळख पाहू मी कोण! काल चांगलं तासभर बडबडले तुझ्यापुढे, आणि आज उघडते तर पुन्हा कोरीच्या कोरी. अगं, एवढी विसराळू तर माझी सासूही नव्हती, आणि ती तोंडात कवळी असताना घरभर कवळी शोधायची!

धाकटी म्हणते, "आई, वही विसरली नाही. तू शेवटचं हिरवं बटण दाबलं नाहीस." असेल. पण दोष वहीलाच द्यावा, ती उलटून बोलत नाही.

तर पुन्हा सांगते. तू फोनमधली वही. मी बोलायचं, तू लिहायचं. तारीख तू आपली आपण घालतेस, तेवढं एक बरं. मला अक्षरओळख नाही. सही मागितली की अंगठा पुढे करते. वय एकाहत्तर. आता शिकून काय कलेक्टर होणार आहे? धाकटीने, म्हणजे माझ्या मुलीने, तुला लावून दिलं. म्हणाली, "तिकडे सात दिवस एकटी खोलीत असशील. मनातलं सगळं हिला सांग. माझं डोकं खाऊ नकोस."

तिकडे म्हणजे परदेशात. माझा मुलगा तिकडे असतो. मी त्याला साहेब म्हणते. जहाजांच्या कंपनीत टेबलाशी बसून काम, पांढरा सदरा, सगळं. अडीच वर्षं झाली त्याला डोळ्यांनी बघून. आधी विमानं बंद. मग इथली दारं उघडली तर तिथली बंद. आता एकदाची दोन्हीकडची उघडली! बातमी लागली त्याच दिवशी मी पेटी खाली काढली. लगेच साहेबांचा मेसेज — "आई, अजून थोडं थांब."

थांबू? तीनदा थांबले. माझ्या वयाला थांबणं परवडत नाही.

आणि हे बघ, निरक्षर आईला मेसेज पाठवतो! बोलत नाही, लिहितो. फोन केला तर चार शब्द, की झालं — "आई, रेंज जातेय." कसली रेंज ती, मी म्हणजे लगेच जाते आणि सूनबाई असली की थांबते वाटतं.

शनिवारी विमान आहे. हिरवं बटण दाबते. विसरू नकोस.

गुरुवार, ३ मार्च

नाकात काडी घातली आज. केवढी आत! मला वाटलं टाळूतून बाहेर काढतोय. मी म्हटलं, "बाबा, मेंदू शोधत असशील तर माझ्या मुलांना विचार, ती सांगतील तिथे काही नाही." तो हसलाही नाही. हसला असेल तर मास्कच्या आत.

मग कागद. लसीचा वेगळा, काडीचा वेगळा, विमानाचा वेगळा, हॉटेलचा वेगळा, आणि एक असा की मी खरं बोलते आहे असं मीच लिहून दिलंय! धाकटी म्हणाली, "आई, गोंधळ करशील." मी सुई घेतली आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात दोऱ्याचा एकेक टाका घातला. हिरवा म्हणजे लस, काळा म्हणजे काडी, पांढरा विमान, पिवळा हॉटेल. चाळीस वर्षं इस्त्रीचं दुकान चालवलं मी. शंभर घरांचे कपडे, एकाही घराचं नाव वाचता येत नव्हतं, आणि एकही सदरा चुकीच्या घरी गेला नाही. सगळा कारभार दोऱ्यावर.

शनिवार, ५ मार्च

पोचले. हातपाय अजून जागेवर यायचेत.

काय सांगू! विमानातून उतरले तर सगळी माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पिशवीत. डोळे तेवढे बाहेर. मला वाटलं मी मेले आणि हे न्यायला आले. एकाने कागद मागितले, आपल्याच भाषेत; इथे कामाला निम्मी माणसं आपल्याकडचीच. मी हिरवा दोरा दिला, काळा दोरा दिला, पिवळा दोरा दिला. तो कागद उलटेसुलटे करून बघतो. "आजी, हे शिवलंय कुणी?" मी म्हटलं, "मी. तुझ्या गणवेशाची बाहीही उसवलीय, ये शिवून देते." मागची रांग हसली. पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

पण हसू तिथेच संपलं. पुढे एक लांबलचक काच. काचेपलीकडे माणसं उभी, हात हलवतायत, रडतायत. एका म्हातारबुवांची नात काचेला नाक लावून उभी होती. ज्याला त्याला कुणी ना कुणी. मी त्या काचेपाशी तीनदा गेले. तीनदा! पहाऱ्यावरचा ओरडला, "आजी, पुढे चला." माझं कुणी नव्हतं.

बसमध्ये फोन वाजला. साहेबांचा मेसेज, फोनने वाचून दाखवला — "आई, बाहेर कुणालाही येऊ देत नाहीत."

येऊ देत नाहीत? मग ती काचेपलीकडची काय भुतं होती?

हॉटेल उंच आहे. सरकारने बस जिथे थांबवली तिथेच राहायचं, निवड आपली नाही. सातवा मजला. खिडकी उघडत नाही. दार उघडता येतं, पण बाहेर पाऊल टाकलं की व्हरांड्याच्या टोकाचा पहारेकरी खुर्चीतून उठून ओरडतो. त्याला उठायचा कंटाळा आहे, मला बसायचा. सात दिवस आमचं जमेल असं दिसत नाही.

पोराने यायला हवं होतं गं.

रविवार, ६ मार्च

नीट लिही. हे नीट लिही.

सकाळी मला एका उशीने भागेना. कपाटात जास्तीची उशी होती, शेजारी अभ्रा घडी करून ठेवलेला. अभ्रा उचलला. झटकला. सुटला नाही! पुन्हा झटकला. नाही सुटला.

सांगते. जगात अभ्र्याची घडी सगळे करतात. दोन हात, दोन घड्या, झालं. माझी वेगळी. अभ्र्याचं तोंड आत घ्यायचं, तीन पट्ट्या करायच्या, आणि शेवटचा कोपरा पहिल्या पट्टीच्या शिवणीत असा खोचायचा की भिरकावला तरी सुटत नाही. का? माझ्या गुडघ्यांसाठी! माझी निम्मी गिऱ्हाइकं वरच्या मजल्यांवर. जिना कोण चढणार? मी रस्त्यातून ओरडायची, "झेला!" आणि गठ्ठा वर. म्हणून ती फेकीची घडी. मीच काढली, मीच नाव ठेवलं. कुठल्या शाळेत शिकवत नाहीत.

ही घडी दोघांनाच येते. एक मी. दुसरा तो. धाकटीला कधी जमली नाही, तिची अर्ध्या वाटेत सुटायची आणि चादरी लोकांच्या सायकलींवर पडायच्या. त्याला जमली. त्याची बोटं माझी आहेत.

मी घडी मोडून पुन्हा पाहिली. तीच. खात्री पटेना. दुसरा अभ्रा होता, तो घेतला आणि समोरच्या भिंतीवर फेकून मारला. सुटला नाही. पुन्हा मारला. तिसऱ्यांदा मारला तेव्हा शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंत ठोठावली. ठोठाव बाबा! तुला काय कळणार!

फरक एकच. कोपरा उजवीकडून खोचलाय. आम्ही डावीकडून खोचतो. असेल. यंत्राच्या कुठल्या बाजूला उभं करतात कोण जाणे.

म्हणजे जहाजांची कंपनी कुठली? टेबल कुठलं? माझा साहेब या हॉटेलच्या तळात बसून परक्या लोकांच्या उश्यांचे अभ्रे धुतोय! आणि मला सांगतो, "ऑफिस ठीक चाललंय." पांढरा सदरा घालून सांगतो!

दिवसभर उशी मांडीवर घेऊन बसले. जेवण दाराशी आलं, तसंच थंड झालं.

सोमवार, ७ मार्च

आज राग आला. बरं वाटलं. रागात माणूस उभं राहू शकतं.

इस्त्रीची लाज? मला? त्याच इस्त्रीवर त्याची फी भरली, त्याची पहिली पँट, धाकटीचं लग्न. माझ्या तळहाताला अजून दांड्याचा घट्टा आहे. तो तसाच घट्टा स्वतःच्या हाताला पाडून घेतो आणि आईपासून लपवतो! मी काय म्हणाले असते? म्हणाले असते, "वाफ मनगटाला सांभाळ." दुसरं काय म्हणणार होते!

फोन केला. उचलला. मी अगदी साखरेत घोळून विचारलं, "काय साहेब, जहाजं तरंगतायत ना?"

"हो आई... तरंगतायत."

"आणि तुमचं टेबल? पुसून ठेवतात ना नीट?"

"आई, रेंज..."

"जाऊ दे रेंज. मी कुठल्या हॉटेलात आहे विचारलं नाहीस."

म्हणाला, "खिडकीचा फोटो पाठव." मी पाठवला. समोर लाल कौलांची शाळा, शेजारी पाण्याची टाकी. बऱ्याच वेळाने लेखी उत्तर आलं. फोनने वाचलं — "तिथेच?" बस. एवढंच. तिथेच! चोर चोरी करून सापडला की असाच बोलतो.

मग मला सुचलं. खोलीच्या खणात एक छोटी सुईदोऱ्याची चकती आहे, पाहुण्यांची बटणं तुटली तर. लाल, निळा, पांढरा, काळा. आणि वापरलेले चादरी-अभ्रे दिवसाआड पिवळ्या पिशवीत घालून दाराबाहेर ठेवायचे असतात. पिशवीवर खोलीचा आकडा. ती पिशवी जाते कुठे? खाली! त्याच्याकडे!

दुकानात आमची भाषा होती. डाग राहिला असेल तर मी कपड्याच्या कोपऱ्यात लाल टाका घालायची. म्हणजे, बाबा, परत धू. धुऊन झाला की तो लाल काढून निळा घालायचा. म्हणजे, झालं. आणि लाल फुली घातली तर ती सगळ्यात वाईट. म्हणजे मालकाने स्वतः यावं, निरोप्या चालणार नाही.

मी दोन स्वच्छ अभ्रे घेतले, एक थेंब डाग नाही, आणि दोघांना लाल टाका मारला. धू म्हणावं! जहाजाच्या साहेबा, परत धू!

पिशवी बाहेर ठेवली. पहारेकरी बघत होता. मी त्याला हात केला.

मंगळवार, ८ मार्च

पिशवी नेली. दुसरं काही नाही. खिडकीतून शाळेची मुलं दिसतात, अर्धे मास्क हनुवटीवर.

बुधवार, ९ मार्च

निळा!

निळा टाका, वही! दोन्ही अभ्र्यांना! लाल काढलाय, इतका अलगद की सुईची भोकंही नाहीत, आणि तिथेच निळा. दाराला टांगलेल्या स्वच्छ पिशवीतून आले, माझेच दोन, बाकी चादर हॉटेलची. म्हणजे कुणीतरी ते बाजूला ठेवले, वेगळे धुतले, माझ्या खोलीचा आकडा बघून परत पाठवले.

मी पलंगावर बसले आणि रडले. हो, रडले, लिही. माझ्या लग्नात रडले नव्हते. सासू म्हणाली होती, "ही कसली दगडाची." दगडाला आज पाझर फुटला, तोही अभ्र्यावर.

अंदाज वेगळा आणि खूण वेगळी. अंदाज होता तेव्हा मी रागवू शकत होते. आता तो खरोखरच खाली आहे. माझ्या पायांखाली सात मजले. अडीच वर्षं समुद्र होता मध्ये, आता फक्त जिना आहे, आणि मला जाऊ देत नाहीत, आणि तो येत नाही.

टाका जरा तिरका आहे, दुसऱ्या अंगाने घातल्यासारखा. त्याचा टाका सरळ असायचा. पण अभ्रे काय करकरीत! कडा अशा की बोट कापेल. तीन-तीनदा धुतल्यासारखे पांढरे. मी असते तर एवढं केलं नसतं. डाग नाही दिसला की शिवी घालून परत दिला असता.

गुरुवार, १० मार्च

नर्सबाई आली, पुन्हा काडी. मी विचारलं, "बाई, खाली धुणं करणारी माणसं कोण आहेत हो?"

"आजी, मी कशी सांगू? तळघरात आठ-दहा जण आहेत. सगळ्यांना मास्क, टोपी, हातमोजे. माझी सख्खी बहीण असली तरी ओळखू यायची नाही."

"त्यात एक उंच आहे? जरा खांदे पाडून चालणारा?"

ती म्हणाली, "आजी, काही हवंय का तुम्हाला?"

हवंय की! काय काय हवंय! पण नाकात काडी असताना माणूस काय बोलणार.

ती गेल्यावर विचार केला. त्याने का लपवलं असेल? नोकरी गेली असेल. दोन वर्षांत कितीकांची गेली, जहाजं तर सगळी बंदरात झोपली होती. मग सूनबाई? ती शिकलेली, विमान कंपनीच्या काउंटरवर कामाला. लग्नाआधी पंधरा दिवस आली होती आमच्याकडे, तेवढाच सहवास. सरळ बसायची, कमी बोलायची. मी बाईसाहेब म्हणायची तिला, पाठीमागे. एकदा तोंडावरही म्हटलं. नवऱ्याने धुण्याचं काम धरलं म्हणून तिने तोंड वाकडं केलं असेल, आणि हा बिचारा दोघींपासून लपत असेल. बायकोपुढे खाली मान, आईपुढे पांढरा सदरा!

मला राग तिचा आला. सांगून टाकते. खूप आला. काही न करता माणसाचा राग यायला सून असावी लागते.

संध्याकाळची पिशवी. एक अभ्रा घेतला आणि लाल फुली घातली. मोठी. चारही टोकं पक्की. मालकाने स्वतः यावं.

शुक्रवार, ११ मार्च

उद्या सुटका. काडी स्वच्छ आली. काउंटरवरच्या माणसाने फोन करून सांगितलं, "आजी, दहा वाजता पेटी भरून तयार राहा. पुढच्या दाराने बस निघेल, मागच्या दाराने घरचे न्यायला येऊ शकतात. तुम्ही कुठल्या?"

मी म्हटलं, "मागच्या."

दुपारी दाराला पिशवी. फुली तशीच होती. काढली नव्हती. पण तिच्या शेजारी, अगदी खेटून, निळा टाका.

म्हणजे येतो! मालक येतो!

मला राहवेना, फोन केला. बराच वेळ वाजला. उचलला तर नुसता श्वास. धापा टाकल्यासारखा.

"काय रे, धावत आलास का?"

"हो... जिना."

"तळघरातून?"

एकदम हलक्या आवाजात म्हणाला, "आई... रागावू नकोस."

"उद्या समोर ये, मग ठरवते."

"आई... सांगायचं होतं."

"उद्या सांग. फोनवर नको. फोनवर तू अडीच वर्षं सांगतोयस, त्यातलं काय खरं होतं?"

ठेवला मी. मीच ठेवला. आता वाटतंय, ऐकायला हवं होतं. बोलत होता तर बोलू द्यायचं. पण मला त्याचं तोंड बघायचं होतं ते सांगताना. फोनने मला फार फसवलंय.

शनिवार, १२ मार्च

सकाळी. पेटी भरली. दहाला अवकाश आहे.

काय बोलायचं ते ठरवलंय. पहिल्यांदा कान धरणार. उंच आहे, वाकावं लागेल त्याला, वाकेल. मग म्हणणार, "कोपरा डावीकडून खोचायचा, गाढवा, शिकवलं ते विसरलास?" मग त्याचे हात बघणार. मग सूनबाईंना दोन शब्द. तेही पाठ केलेत. ते इथे लिहवत नाही, तू चांगल्या घरची वही आहेस.

पलंगाच्या चादरीची घडी करून ठेवली. फेकीची. खाली गेली की कळेल त्याला, कोण निघालं.

पहारेकऱ्याला म्हटलं, "बाबा, निघाले. आता बस निवांत." तर तो उठून उभा राहिला! सात दिवसांत पहिल्यांदा ओरडला नाही. म्हणाला, "आजी, घरचे आलेत ना?"

आलेत म्हटलं.

रविवार, १३ मार्च

तो आला नव्हता. मागच्या दाराशी सूनबाई उभी होती. निळा गणवेश, केस जाळीत, दोन्ही मनगटांवर वाफेचे चट्टे. घडी तिची. टाका तिचा. चौदा महिने ती त्या तळघरात आहे. डावखुरी आहे. मला ठाऊकच नव्हतं. पाठ केलेलं सगळं वाया गेलं. म्हणाली, "आई, डाग मला सापडलाच नाही, म्हणून तीनदा धुतला."

साहेब घरी, पलंगावर. आजार बरा झाला, जाताना छाती घेऊन गेला. नाकाला नळी. पाच शब्द बोलला की थांबतो — तीच ती रेंज! फेकीची घडी, टाक्यांची भाषा, सगळं त्यानेच शिकवलं तिला, पडल्या पडल्या, पांघरुणावर. मला बघून हसला. "आई... जरा चुरगळलोय." सदरा मात्र पांढरा, कडक. तीच करते.

वही, आता हे धाकटीला पाठवायचंय, नीट लिही. धाकटे, परतीचं तिकीट पुढे ढकल, किती ते विचारू नकोस. त्याच्यासाठी जुना बारीक तांदूळ पाठव, मऊ शिजणारा. सूनबाईला काय आवडतं? मला माहीत नाही गं. थांब, विचारून येते.

खारे शेंगदाणे. काम करता करता उभ्याने खाता येतात म्हणाली. ते भरपूर पाठव.